तुलनेचं रक्त

बाटल्यांवरचे सांकेतिक आकडे उलगडून त्यांच्यापुढे खरी नावं लावायचं काम सुमंगला कुणाकडे देत नसे. ते करताना तिला दरवेळी अंतरपाट बाजूला होतो तसं वाटायचं. आता कळेल पलीकडे कोण उभं आहे ते. त्या दुपारी अंतरपाट बाजूला झाला आणि पलीकडे ती स्वतःच उभी होती. सुमंगला, वय एक्कावन्न, राहणार पार्से, आणि पुढे रक्तातल्या शिशाचा जो आकडा होता तो डिचोलीकडच्या त्या कारखान्यामागच्या पोरांच्या आकड्यांत सहज मिसळून गेला असता. तिने उठून पंखा बंद केला. पंख्याचा आणि आकड्याचा काही संबंध नव्हता, पण काहीतरी बंद करावंसं वाटलं.

तो कारखाना जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा. मागच्या उतारावर कामगारांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, बहुतेक कोल्हापूर-बेळगावकडची माणसं. त्यांची पोरं पोट दुखतं म्हणून, शाळेत झोपतात म्हणून, उगाच चिडतात म्हणून एकेक करत दवाखान्यात येऊ लागली, तेव्हा सरकारने त्यांचं रक्त तपासायचं ठरवलं आणि ते सुमंगलाच्या मेजावर आलं. ती सरकारची विषतज्ज्ञ. पाण्यात, धुळीत, मासळीत, माणसात काय भिनलंय ते सांगायचं एवढंच तिचं काम. पुढचं साहेब, वकील आणि देव बघतात. पोरांच्या रक्ताला तुलना हवी, म्हणून त्या धुराशी संबंध नसलेल्या माणसांचंही रक्त घ्यावं लागतं. पण धडधाकट माणसाकडे जाऊन, तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून रक्त द्या, असं म्हटलं की तो आधी तुमच्याकडे आणि मग आपल्या जमिनीकडे बघतो. ह्यांना नक्की काय हवंय? त्यामुळे प्रयोगशाळेतली माणसं वर्षानुवर्षं आपलाच दंड पुढे करत आली होती. त्याला ती आपसांत ‘घरचा आहेर’ म्हणत. सुमंगलाने आजवर कितीतरी आहेर केले होते, पारा, कीटकनाशकं, मँगनीज, आणि दरवेळी ती कोरडी, स्वच्छ, कंटाळवाणी निघाली होती. कंटाळवाणं असणं हीच तर तुलनेच्या माणसाची लायकी.

“मॅडम, माझ्याकडून अदलाबदल झालेली नाही,” गौरवी म्हणाली. यंत्रावर बसणारी मुलगी, हुशार, दोन वर्षांपूर्वी लागलेली.

“मी काही म्हटलं का?”

“तुम्ही म्हणत नाही. तुम्ही बघता.”

ते खरं होतं. सुमंगला बघायची. ह्या नोकरीने तिला दुसरं काही दिलं नसेल, पण एक नजर दिली होती. हळद जास्त पिवळी दिसली की ती पुडी उलटी करून वास घ्यायची. लग्नघरी खुर्चीवर बसण्याआधी रंग उडालाय का ते पाहायची. गणपतीच्या दिवसांत शेजारणी मूर्तीचे डोळे बघत तेव्हा ही पितांबराचा रंग बघायची. कृष्णनाथ, तिचा नवरा, पाहुण्यांना सांगायचा, आमच्या हिला देवाच्या तीर्थाचाही नमुना घ्यावासा वाटतो. पाहुणे हसायचे. ती हसायची नाही, कारण एकदा तिने खरोखरच घेतला होता. आता तीच नजर गौरवीवर गेली होती आणि पोरीने ती पकडली होती. तिने बाही वर केली. “पुन्हा घे. आणि ह्यावेळी माझ्यासमोर चालव.” गौरवीने सुई टोचली तेव्हा सुमंगला तिच्या बोटांकडे बघत राहिली. नखांवर गुलाबी रंग. त्यात काय असेल? पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच्या पुढच्या क्षणी वाटलं, लाज वाटली म्हणून नखांत काही नसेलच असं नाही. यंत्राने पुन्हा तोच आकडा दिला, किंचित वर.

साहेबांना सांगणं भाग होतं. साहेब, म्हणजे यशवंतराव, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले, जिभेवर साखर ठेवून बोलणारे. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “मॅडम, सोमवारी अहवाल द्यायचाय. त्या अहवालावर तिकडची भट्टी बंद होणार की नाही ते ठरणार आहे. पोरांवर उपचार कुणी करायचे तेही. त्यात तुमचा आकडा गेला तर वकील काय म्हणतील?” वकील काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं. पार्सेला राहणारी, कारखाना लांबूनही न दिसणारी बाई, आणि तिच्याही रक्तात तेवढंच शिसं. म्हणजे ते इथल्या मातीतच आहे, आमच्या भट्टीचा काय दोष? “तर मग,” साहेब म्हणाले, “तुमची बाटली फुटली असं समजा. बाटल्या फुटतात.” इतक्या हळुवार आवाजात ते तिच्याशी बारा वर्षांत बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर ती तो हळुवारपणाच तपासत बसली. पोरांची बाजू बळकट व्हावी म्हणून म्हणाले, की अहवालात एक भोक मुद्दाम ठेवावं म्हणून? आज बाटली फुटली म्हणायचं, आणि उद्या भर सुनावणीत कुणीतरी तीच न फुटलेली बाटली मेजावर आणून ठेवायची. आपल्यालाच असं सुचतं की हे सगळ्यांनाच सुचतं आणि बाकीचे बोलत नाहीत? खोटं तर ती लिहिणार नव्हती. वगळायचं तर कारण हवं, आणि कारण म्हणजे हे शिसं आलं कुठून ते. शुक्रवार सरत आला होता.

कोलवाळचा पूल ओलांडताना रोज तिला घरी आल्यासारखं वाटायचं. आज पूल ओलांडला आणि वाटलं, म्हणजे जे काही आहे ते ह्या बाजूला आहे. नदीच्या ह्या बाजूला, आपल्या बाजूला. मोपाच्या पठारावर उतरणारं विमान काजूंच्या डोक्यावरून खाली आलं. काय असतं विमानाच्या इंधनात? प्रवासी विमानांच्या त्यात शिसं नसतं. तसं छापलेलं असतं. गेले काही महिने तिच्या तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव असायची, पोटात पीळ पडायचा, कपाटासमोर उभं राहून आपण काय घ्यायला आलो ते आठवायचं नाही, आणि कृष्णनाथने चमचा जोरात ठेवला तरी डोळ्यांत पाणी यायचं. ह्या सगळ्याला तिने एकच नाव दिलं होतं, वय. डॉक्टरीणबाईंनीही तेच दिलं होतं. बायकांच्या एक्कावन्नाव्या वर्षात काय वाटेल ते मावतं, शिसंसुद्धा. आणि कृष्णनाथ. तो हल्ली फोन आला की फणसाखाली जाऊन बोलायचा. तिने विचारलं की म्हणायचा, शाळेचं. निवृत्त शिक्षकाचं शाळेचं काय असतं इतकं, फणसाखाली जाऊन बोलण्याइतकं? ती महिनाभर त्याच्या फोनकडे बघत होती, तो तिच्या बघण्याकडे. गाडी चालवता चालवता तिच्या मनात आलं की शिशाने माणूस चिडचिडा होतो, विसरभोळा होतो, हे तर पुस्तकात आहेच; संशयी होतो का? तसं असेल तर हा नवऱ्याबद्दलचा संशय तिचा स्वतःचा की शिशाचा? शिसं उतरल्यावरही उरला तर तो खरा समजायचा. तिला हसू आलं. मग वाटलं, आणि नवऱ्यानेच... हा विचार तिने पुरता केला नाही. पण तो अर्धवट विचारही गाडीत शेजारी बसून घरापर्यंत आला.

ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. सुमंगला त्यांना आई म्हणायची, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मनापासून. “इलंस? बस थंयच, वाऱ्यार,” म्हणून त्या आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या. तिवळ. कोकमाची सोलं रात्री पाण्यात घालायची, सकाळी कुस्करून गाळायची, मीठ, जिरं, किंचित गूळ. सुनेला अंगातून वाफा येतात, रात्री घामाने उशी भिजते हे कळल्यापासून दोन्ही वेळचा हा पेला आईंनी कधी चुकवला नव्हता. स्वतः त्या आंबट पीत नसत, खोकला होतो म्हणून. कृष्णनाथ तर चहाशिवाय कशाला ओठ लावायचा नाही. घरात तिवळ पिणारी ती एकटीच. सुमंगलाने पेला हातात घेतला. लालसर, थंड, सुंदर. आणि तिने तो तोंडाला लावण्याआधी उजेडाकडे धरला.

“काय गो, किडो पडलो काय?”

“नाही आई. सहज.”

“सहज कोण असा बघता?” आई म्हणाल्या. आवाजात चेष्टा होती, पण डोळे तिच्या हातावर होते. सुमंगलाने पेला खाली ठेवला, मग पिते, म्हणाली. मागे वळून पाहिलं नाही तरी तिला कळलं की आई त्या पेल्याकडे बघत उभ्या आहेत. तीन माणसांच्या घरात त्या रात्री तिघंही एकमेकांकडे बघत जेवली.

शनिवारी सकाळी तिने प्रयोगशाळेतून आणलेल्या कापसाच्या काड्या बाहेर काढल्या. ओली करून घासायची. शिसं असलं की कापूस गुलाबी होतो. पाववाला पोदेर पोंय देऊन गेला होता, चहा झाला होता, आणि ती खिडकीच्या चौकटीपासून सुरू झाली. तिथल्या रंगावर कापूस पांढराच. दाराची कडी, पांढरी. देव्हाऱ्यातली घंटा, कुंकवाचा करंडा, विहिरीची कप्पी, हळदीची बरणी, तिचं मंगळसूत्र. कृष्णनाथ वर्तमानपत्र खाली करून बघत होता.

“माझा फोन पण घासणार?”

“द्या इकडे.”

त्याने दिला. ती घासू लागली. “सुमंगल,” तो सावकाश म्हणाला, “त्या फोनातनं विष येत नाही. पठारावरच्या तुकड्याला गिऱ्हाईक येतंय. तू नको म्हणशील म्हणून बाहेर बोलत होतो.”

“मी नको म्हणणारच.”

“म्हणून बाहेर.” आणि तो पुन्हा वर्तमानपत्रात गेला. तिला राग यायला हवा होता, आला नाही. उलट महिनाभर पोटात वाढवलेल्या एका बाईचा चेहरा, तिने तिला कपाळही दिलं होतं, केसही दिले होते, हळूच विरघळून एक मळकट शर्टवाला जमीनदलाल झाला, आणि तिला थोडं फसवल्यासारखं वाटलं. कापूस पांढराच होता.

मग स्वयंपाकघर. स्टीलची भांडी पांढरी, मातीचं कुंडलं पांढरं. चुलीजवळच्या फळीवर आईंचं पितळी तपेलं उपडं घातलेलं होतं. मागच्या वर्षी सुमंगलानेच घरातलं सगळं प्लास्टिक हाकलून दिलं होतं; पाण्याच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, सोलं भिजत घालायचा निळा डबासुद्धा. प्लास्टिक झिजतं आणि पोटात जातं, हे तिने आईंना दोन दिवस समजावून सांगितलं होतं, आणि आई आनंदाने माळ्यावर चढल्या होत्या. सुनेला उशिरा का होईना अक्कल आली. पितळ खाली आलं. आंबट पितळेत कळकतं हे आईंना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून चतुर्थीच्या आधी मोटारसायकलवरून फिरणारा कल्हईवाला गावात आला तेव्हा त्यांनी त्याला देवळाच्या पायऱ्यांशी बसवून, आपण समोर पाटावर बसून, तपेल्याला आतून दोनदा हात फिरवून घेतला होता. सुमंगलाने त्या रविवारी ते बघितलंही होतं. नवसागराचा पांढरा धूर, गरम पितळेवर कापसाच्या बोळ्याने पसरत गेलेला चांदीसारखा उजेड. किती देखणं, असं तिला वाटलं होतं. सगळ्या जगाकडे संशयाने बघणारी ती, त्या उजेडाकडे मात्र तशीच बघत राहिली होती. कथील महाग झालंय. कथलात शिसं मिसळलं तर ते स्वस्तही पडतं आणि चकाकतंही. तिने काडी तपेल्यात घातली, तळाशी, जिथे सोलं रात्रभर बसतात. फिरवली. काढली. कापूस लगेच गुलाबी झाला, सुंदर गुलाबी, गौरवीच्या नखांसारखा.

“काय झाला?” आई दारात होत्या.

सांगायला तिला वेळ लागला. कल्हईत शिसं आहे, आंबटाने ते सुटतं, रोज थोडं थोडं. आई तपेल्याकडे बघत होत्या. “म्हणजे मी तुका वीख घालीत होतंय,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही नाही. प्लास्टिक मी काढायला लावलं.”

“घातला कोणी?”

“आई.”

“पेलो कोणी दिलो तुका? दोन येळ?” त्या खाली बसल्या, तपेलं मांडीवर घेतलं आणि पदराने आतून पुसू लागल्या, जसं काही ते पुसून जाणार होतं. सुमंगला म्हणाली, हात लावू नका. ते तिच्या तोंडून जरा तीक्ष्ण गेलं. आईंनी तपेलं ठेवलं. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “ह्या कोणाक सांगू नको. घरातली गोष्ट. कागदार घालू नको.” आणि सुमंगलाला कळलं की कारण सापडल्याचा जो सुटका झाल्यासारखा आनंद तिला आत्ता झाला होता तो आईंना दिसला आहे.

साहेबांनाही आनंद झाला. “उत्तम. आता रीतसर वगळा. कारण, घरातली कल्हई.” मग साखर तशीच जिभेवर ठेवून ते म्हणाले, “पण मॅडम, मग समोरचे विचारतील, तुमच्या घरात कल्हई, तर ह्या पोरांच्या घरात कशावरून नाही?” तिला कल्हईवाला आठवला. तो मोटारसायकलवाला. इकडे आपल्या पेडण्यात फिरणारा माणूस डिचोलीत फिरत नसेल कशावरून? कामगारांच्या खोल्या, गावाकडनं आणलेली लग्नातली भांडी, आमटीत चिंच. तिने धुळीचे नमुने घेतले होते, पाण्याचे घेतले होते, भिंतींचे घेतले होते. स्वयंपाकघरात ती शिरली नव्हती. गरिबाच्या भांड्यांत काय बघायचं, असं वाटलं असेल का आपल्याला? की भट्टीचं धुरांडं इतकं उंच होतं की त्याच्याखालचं काही दिसलंच नाही? कारखान्यावर संशय घेणं सोपं होतं. आता पहिल्यांदा तिला त्या पोरांच्या आयांवर संशय घ्यायचा होता, आणि ती रात्रभर एकच गोष्ट मागत राहिली, की तो खोटा निघावा. आणि असं काही मागणाऱ्या माणसाने नमुना घ्यायला जाऊ नये हेही तिला माहीत होतं.

रविवारी सकाळी मयेवरून पुढे जाताना तळ्यावर पर्यटकांच्या होड्या अजून बांधलेल्याच होत्या. कारखान्याचा मागचा रस्ता लाल, उतारावर खोल्यांची रांग, पत्र्यांवर दगड. सोनाबाई दारातच भांडी घासत होती. गडहिंग्लजकडची, तिशीतली, बारीक, बोलायला फटकळ. तिची सेजल, पाच वर्षांची, सगळ्या पोरांत सर्वांत मोठ्या आकड्याची.

“बाई, पुन्हा रगात? पोरीच्या अंगात हाय तरी किती?”

“रक्त नको. तुमची भांडी बघायचीत.”

सोनाबाईचा हात थांबला. “भांडी?”

“पितळेची, कल्हईची. आहेत का?”

“पितळ कुठलं हो? लग्नातलं हाय, ते गावाकडं सासूनं कवटाळून ठेवलंय. हितं समदं जर्मन आन् स्टील.” मग तिने डोळे बारीक केले. “कारखान्यानं पाठवलं व्हय तुमास्नी? धुरांडं दिसंना झालं आन् आमची पातेली दिसाय लागली?”

सुमंगला पायरीवर बसली. असा नमुना घेताना आपल्याबद्दल काही सांगायचं नसतं, ती गौरवीला हेच शिकवायची. तिने सांगितलं. माझ्याही रक्तात तेवढंच आहे, तुमच्या सेजलच्या जवळपास, आणि ते माझ्या घरातल्या भांड्यातून आलं. म्हणून तुमची बघितल्याशिवाय मला तुमच्या बाजूने काही लिहिता येणार नाही. सोनाबाईने ते ऐकलं, हात धुतले, आणि आतलं एकेक भांडं आणून तिच्यासमोर ओळीने मांडलं, लग्नातल्या रुखवतासारखं. अ‍ॅल्युमिनियमची पातेली, कढई, कुकर, स्टीलचे डबे, चहाची गाळणी. काड्या पांढऱ्या राहिल्या. चिंचेची वाटी पांढरी. हळद पांढरी. सुमंगलाला वाटलं आपण श्वास घेतोय. “संपलं?” सोनाबाई म्हणाली. “आता चा घ्या. स्टीलच्या पेल्यात देते, बघून घ्या.” सुमंगलाने पेला घेतला आणि न बघता प्यायली, अवघड गेलं.

मग ती आत वाकली. खोलीच्या कोपऱ्यात चटईवर सेजल अजून झोपली होती, अंगावर पांघरूण म्हणून एक मोठा निळा शर्ट, त्याची कॉलर मुठीत धरून तोंडाशी ओढलेली. कॉलरचं टोक ओलं होतं.

“हा कुणाचा?”

“तिच्या पप्पाचा. त्यांची रातपाळी असली की पोरगी झोपतच न्हाई. वास लागतोय तिला बापाचा. दोन शर्ट हाईत कामाचे. एक त्यांच्या अंगावर, एक हिच्या.”

“धुता?”

“रोज कुटलं पाणी? आन् धुतला की वास जातोय, मग रडती.”

सुमंगला गुडघ्यांवर बसली. काडी ओली करून बाहीच्या टोकावरून फिरवली. कापूस नुसता गुलाबी झाला नाही, लाल झाला. तिने दुसरी काडी कॉलरवर फिरवली, पोरीच्या ओठांपासून बोटभर. तीही. सोनाबाई मागे उभी राहून बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

“भट्टीत अंग धुवायला जागा आहे?” सुमंगलाने विचारलं. “कपडे बदलायला?”

“जागा? तितं प्यायचं पाणी ह्यास्नी घरनं न्यावं लागतंय.” सोनाबाई भिंतीला टेकून खाली बसली. “मग आता कागदावर काय लिवणार तुमी? बापानंच पोरीला वीख पाजलं?”

“तसं नाही लिहिणार.”

“वकील तसंच वाचणार न्हवं? दोन लग्नं मोडल्यात ह्या गल्लीत वकिलानं. म्या बघितल्यात त्येंचं वाचणं.” “तुमच्यात कुनी दिलं ते? भांड्यातनं आलं म्हनता, दिलं कुनी?”

“सासूबाईंनी. रोज दोन वेळा. माझ्या अंगात उष्णता आहे म्हणून.”

“मग तिचं नाव लिवणार?”

“नाही. भांड्याचं लिहिणार. आणि माझं.”

“तुमचं लिवणार?” सोनाबाईने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात तराजूकडे बघतात तसं. “माझा आकडा राहील,” सुमंगला म्हणाली, “शेजारी कारण राहील. आणि मी तुमची सगळी भांडी घासून बघितली हेही राहील.” बोलता बोलता ती मनात वाक्य लावत होती. कामगारांस स्नानाची व वस्त्रे बदलण्याची कोणतीही सोय कारखान्यात नसल्याने. ते ‘नसल्याने’ वाक्याच्या पुढे घ्यायचं, शर्ट मागे. आधी कोण वाचलं जाईल त्यावर सगळं. पण वाक्य कसंही लावलं तरी ते उलटं धरून वाचणारा माणूस असतोच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती स्वतःच आयुष्यभर सगळं उलटं धरून वाचत आली होती. “हा शर्ट मला लागेल,” ती म्हणाली. “आणि ते कामावरून आले की दाराबाहेरच, आत यायच्या आधी...”

“येत्यालच आता,” सोनाबाई म्हणाली.

सेजलचा बाप, केरबा, उतारावरून येत होता, डबा हातात, डोक्याला फडकं, पाय रात्रभर उभं राहिल्यासारखे जड. सोनाबाई उठून उंबऱ्यावर गेली. “थांबा तितंच,” ती म्हणाली. “आत यिऊ नगा. अंगावरचं काढा आदी.” तो थांबला. बायकोकडे, तिच्या मागच्या अनोळखी बाईकडे, तिच्या हातातल्या लाल झालेल्या काडीकडे बघत राहिला. “का? काय झालं?” “काढा म्हनते न्हवं.” परक्या बाईसमोर तो गोंधळला, मग डबा पायाशी ठेवून हळूहळू शर्टाची बटणं सोडू लागला, दवाखान्यात सोडतात तसा. सुमंगलाने मान फिरवली. आणि मान फिरवल्यामुळेच तिला दिसलं की चटई रिकामी आहे, निळा शर्ट मागे पडलाय, आणि बापाचा आवाज ऐकून जागी झालेली सेजल दाराकडे पळत सुटली आहे.

सुमंगला नमुन्याच्या माणसांना हात लावत नसे. ती मधे आली आणि पोरीला कमरेत धरून उचललं. एवढं हलकं मूल, आणि एवढी ताकद. सेजलने तिला लाथा मारल्या, दंडाला चावली, पप्पा म्हणून ओरडली. बाहेर केरबा उघड्या अंगाने, दोन्ही हात सवयीने पुढे केलेले, तसाच उभा राहिला. ते हात खाली घ्यावेत की नाही हे त्याला कळत नव्हतं. सोनाबाईने बादलीतलं पाणी तांब्याने त्याच्या हातांवर ओतायला घेतलं. त्याने ओंजळ केली, उघडली, पुन्हा केली. सेजल दमली, मग मागे वळून तिने अगदी जवळून सुमंगलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ही कोण, हिला काय पाहिजे, ही आपल्याला का धरतेय. सुमंगलाला ती नजर ओळखीची होती. तिने पोरीला काही समजावलं नाही. सोनाबाई दुसरा तांब्या भरत होती, आणि तो ओतून होईपर्यंत सुमंगलाने पकड सोडली नाही.